स्कॉटलंडला जादा अधिकार आणि पक्षापक्षांतली फूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनबद्दल लिहायला लागल्यापासून एकाच जातीचा प्रश्न फिरून फिरून येतो: मजूर पक्ष स्कॉटलंडच्या बाजूचा की विरोधातला? हुजूर पक्षाचं काय? सरळ उत्तर देता येत नाही, कारण प्रश्न विचारणाऱ्याने पक्ष एकसंध धरलेला असतो. स्कॉटलंडला जादा अधिकार द्यायचे का, या विषयावर ब्रिटनमधला जवळजवळ प्रत्येक मोठा पक्ष आतून दुभंगलेला आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: कोण कुठून निवडून येतो हे पाहिलं की निम्मं कोडं सुटतं. उरलेल्या निम्म्यासाठी खालची उत्तरं.

१. डिव्होल्यूशन म्हणजे नेमकं काय? आपल्याकडच्या राज्य सरकारासारखंच ना?

लंडनने आपले काही अधिकार स्कॉटलंडसारख्या भागाकडे सोपवणं म्हणजे डिव्होल्यूशन. दिसायला तसंच, पण पाया वेगळा. आपल्याकडे राज्यांचे अधिकार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत लिहिलेले आहेत. केंद्राची सूची, राज्यांची सूची, समवर्ती सूची, आणि उरलंसुरलं केंद्राकडे. ब्रिटनला एकत्र लिहिलेली राज्यघटना नाही. लंडनच्या संसदेने १९९८ साली कायदा करून स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा इथल्या संसदेला अधिकार दिले, म्हणजे ते मूळचे लंडनचेच. मात्र एक गोष्ट आपल्या उलट आहे. तिथे यादी फक्त लंडनने स्वतःकडे राखून ठेवलेल्या विषयांची आहे आणि यादीत नसलेलं सगळं स्कॉटलंडचं.

लंडनची संसद म्हणजे वेस्टमिन्स्टर आणि स्कॉटलंडची म्हणजे होलीरूड, ही नावं पुढे वारंवार येतील.

२. आज स्कॉटलंडच्या हातात काय काय आहे?

आरोग्य, शिक्षण, पोलीस, न्यायालयं, शेती आणि बरीचशी वाहतूक व्यवस्था १९९९ पासून. २०१२ च्या कायद्याने प्राप्तिकराचा काही भाग मिळाला. २०१६ च्या कायद्याने पगारावरच्या प्राप्तिकराचे दर आणि टप्पे ठरवण्याचा पूर्ण अधिकार आला, शिवाय काही सामाजिक भत्ते. म्हणूनच स्कॉटलंडमध्ये प्राप्तिकराचे आज सहा टप्पे आहेत आणि उरलेल्या ब्रिटनमध्ये तीन. संरक्षण, परराष्ट्र, चलन, स्थलांतर आणि घटनात्मक प्रश्न लंडनकडेच.

३. पण यावरून पक्ष फुटायचं कारणच काय? अधिकार मिळाले तर स्थानिक नेत्यांना आनंदच व्हायला हवा.

कोणत्या स्थानिक नेत्यांना, हा खरा प्रश्न. स्कॉटलंडमधून एकाच पक्षाची दोन प्रकारची माणसं निवडून येतात. एक लंडनला जातात, दुसरी एडिंबराला. एडिंबराला अधिकार मिळाला की लंडनला जाणाऱ्या खासदाराच्या हातातलं काम तेवढं कमी होतं. मतदारसंघातले लोक दवाखान्याची, शाळेची तक्रार घेऊन आता दुसऱ्याच दारात जातात. हे नुसतं मानापमानाचं दुखणं नाही. होलीरूड सुरू झाल्यावर स्कॉटलंडच्या वेस्टमिन्स्टरमधल्या जागा २००५ साली ७२ वरून ५९ करण्यात आल्या. तेरा खुर्च्या प्रत्यक्ष गेल्या. आता त्या ५७ आहेत.

त्यात तिसरी माणसं म्हणजे इंग्लंडमधले खासदार. त्यांचं म्हणणं, आमच्या भागाने काय घोडं मारलंय? यातून उभा राहिलेला पेच प्रश्न ५ मध्ये.

४. मजूर पक्षात ही भांडणं कधी सुरू झाली?

१९६७ साली हॅमिल्टनच्या पोटनिवडणुकीत स्वतंत्र स्कॉटलंड मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या (एसएनपी) विनी यूइंग निवडून आल्या. ही जागा मजूर पक्ष स्वतःची जहागीर समजत होता. तिथून घाबरगुंडी सुरू झाली. हॅरल्ड विल्सन यांच्या सरकारने आयोग नेमला, १९७३ साली आयोगाने स्कॉटलंडला स्वतंत्र प्रतिनिधिगृह द्यावं असं सुचवलं, आणि फेब्रुवारी १९७४ च्या निवडणुकीत एसएनपीने सात जागा जिंकल्या. लंडनचं नेतृत्व म्हणू लागलं, देऊन टाका काहीतरी.

पण स्कॉटलंडमधलाच मजूर पक्ष अडून बसला. वरवर उलटं वाटतं, पण त्यांचंही तर्कशास्त्र होतं. ग्लासगोचा कामगार आणि लिव्हरपूलचा कामगार एकच, त्यांच्यात भिंत घालायची नाही. शिवाय लंडनच्या तिजोरीवरचा हक्क सोडायचा नाही.

मग आला २२ जून १९७४ चा शनिवार. जादा अधिकारांच्या प्रस्तावांवर मत देण्यासाठी स्कॉटिश मजूर पक्षाच्या कार्यकारिणीची ग्लासगोला बैठक होती. त्याच दिवशी विश्वचषकात स्कॉटलंडचा युगोस्लाव्हियाशी सामना. २९ पैकी ११ जण बैठकीला आले. बाकीचे कुठे होते हे सांगायला नको. त्या अकरांनी सहा विरुद्ध पाच मतांनी प्रस्ताव फेटाळले. सामनाही १-१ बरोबरीत सुटला आणि स्कॉटलंड स्पर्धेबाहेर गेलं.

लंडन खवळलं. ऑगस्टमध्ये ग्लासगोच्या डॅलिंटोबर स्ट्रीटवर खास अधिवेशन बोलावलं आणि कामगार संघटनांच्या गठ्ठा मतांनी तो निर्णय फिरवला. म्हणजे गंमत पाहा: स्कॉटलंडला स्वतःचा कारभार द्यायचा निर्णय स्कॉटिश पक्षावर लंडनहून लादला गेला. ज्यांच्यावर लादला ते मनापासून कधीच सोबत आले नाहीत, आणि त्याची किंमत १९७९ मध्ये मोजावी लागली (प्रश्न ६).

दुसऱ्या टोकाला, सरकार देतंय ते फारच थोडं म्हणून जिम सिलर्स यांनी १९७६ साली वेगळी चूल मांडली, स्कॉटिश लेबर पार्टी. ती काही टिकली नाही. पुढे सिलर्स एसएनपीत गेले आणि १९८८ साली ग्लासगोतल्या गोव्हनमध्ये त्यांनी मजूर पक्षालाच हरवलं.

५. 'वेस्ट लोदियन प्रश्न' म्हणजे काय? तो सुटला का?

टॅम डिएल हे वेस्ट लोदियनचे मजूर खासदार. (आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग 'डॅलियेल' वाचावं असं आहे, उच्चार 'डिएल'. मराठी वर्तमानपत्रांत दोन्ही सापडतील.) १९७७ साली त्यांनी स्वतःच्याच सरकारला विचारलं: स्कॉटलंडची शाळा-इस्पितळं एडिंबराकडे गेल्यावर मी लँकेशरमधल्या ब्लॅकबर्नच्या शाळांवर मत देऊ शकेन, पण माझ्याच मतदारसंघातल्या ब्लॅकबर्न गावच्या शाळांवर नाही. हे कसं चालेल? दोन ब्लॅकबर्न, एक इंग्लंडमधलं, एक स्कॉटलंडमधलं. उदाहरण इतकं नेमकं होतं की आजवर कुणाला धड उत्तर देता आलेलं नाही. प्रश्नाला हे नाव दिलं खासदार इनॉक पॉवेल यांनी.

२०१५ साली हुजूर सरकारने फक्त इंग्लंडशी संबंधित विधेयकांवर इंग्लंडच्या खासदारांना नकाराधिकार देणारी पद्धत आणली. फार किचकट झाली, २०२१ मध्ये गुंडाळली. प्रश्न आहे तिथेच आहे.

६. १९७९ मध्ये बहुमताने 'हो' म्हणूनही स्कॉटलंडला विधानसभा का मिळाली नाही?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि रास्तच आहे. १ मार्च १९७९ च्या सार्वमतात ५१.६ टक्के मतं 'हो' पडली. तरी विधानसभा बारगळली, कारण कायद्यात एक पाचर मारलेली होती: एकूण नोंदणीकृत मतदारांच्या ४० टक्के लोकांनी 'हो' म्हटलं पाहिजे. प्रत्यक्षात ते प्रमाण ३२.९ टक्के निघालं. मत द्यायला न आलेला माणूससुद्धा 'नाही' म्हणाल्यासारखा धरला गेला.

ही पाचर विरोधकांनी मारली नव्हती. जॉर्ज कनिंगहॅम हे सत्ताधारी मजूर पक्षाचे खासदार, मूळचे स्कॉटिश, निवडून आलेले लंडनच्या इझलिंग्टनमधून. जानेवारी १९७८ मध्ये त्यांनी ही दुरुस्ती मांडली आणि स्वपक्षातल्या बंडखोरांच्या मदतीने मंजूर करून घेतली. प्रचारातही तेच. एका बाजूला मजूर सरकार 'हो' म्हणत होतं, दुसऱ्या बाजूला 'लेबर व्होट नो' नावाने डिएल, रॉबिन कुक आणि ब्रायन विल्सन 'नाही'चा प्रचार करत होते. तिघेही मजूर पक्षाचेच. मतदाराने काय समजायचं?

चिडलेल्या एसएनपीने सरकारचा पाठिंबा काढला. २८ मार्चला अविश्वास ठराव ३११ विरुद्ध ३१० असा एका मताने मंजूर झाला. एसएनपीचे खासदार म्हणजे नाताळ लवकर यावा म्हणून मत देणाऱ्या टर्की (नाताळच्या जेवणासाठी कापले जाणारे पक्षी) आहेत, असा टोला पंतप्रधान कॅलाहान यांनी हाणला होता. तो खराही ठरला. निवडणुकीत एसएनपी अकरावरून दोन जागांवर आली आणि मार्गारेट थॅचर १८ वर्षांची हुजूर राजवट घेऊन आल्या.

७. हुजूर पक्ष तर पहिल्यापासून विरोधातच होता ना?

नाही. १९६८ साली एडवर्ड हीथ यांनी पर्थ इथे स्कॉटिश विधानसभेला जाहीर पाठिंबा दिला होता, मजूर पक्ष अजून चाचपडत असताना. थॅचर यांनी ते धोरण फिरवलं तेव्हा, डिसेंबर १९७६ मध्ये, त्यांचे स्कॉटलंडचे प्रवक्ते अॅलिक ब्युकॅनन-स्मिथ यांनी पद सोडलं. माल्कम रिफकिंड हेही बाहेर पडले. पुढे हेच रिफकिंड थॅचर यांच्याच मंत्रिमंडळात स्कॉटलंडचे मंत्री झाले, पण तोवर विषय गाडला गेला होता.

१९९७ मध्ये हुजूर पक्षाची स्कॉटलंडमध्ये एकही जागा उरली नाही. आणि मग नशिबाची थट्टा. ज्या होलीरूडला कडाडून विरोध केला, तिथल्या मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीमुळेच १९९९ मध्ये त्यांना १८ जागा मिळाल्या. होलीरूड नसतं तर स्कॉटलंडमधला हुजूर पक्ष नावालाच उरला असता.

या धड्याचं काय करायचं यावरून २०११ मध्ये स्कॉटिश हुजूर पक्षाच्या नेतेपदाच्या निवडणुकीत पुन्हा जुंपली. मर्डो फ्रेझर म्हणाले, लंडनपासून तोडून घेऊ, नवं नाव, नवा पक्ष. रूथ डेव्हिडसन म्हणाल्या, आहेत तेवढे अधिकार पुरे, ही शेवटची रेघ. डेव्हिडसन जिंकल्या आणि तीन वर्षांत स्वतःच ती रेघ ओलांडून पूर्ण प्राप्तिकर एडिंबराला द्यायच्या प्रस्तावामागे उभ्या राहिल्या.

८. एसएनपीला तर स्वातंत्र्यच हवंय. मग जादा अधिकारांवरून त्यांच्यात भांडण कसलं?

टप्प्याटप्प्याने जायचं की एकदम, याचं. एका गटाला वाटतं, मिळेल ते घ्यावं, राज्य नीट चालवून दाखवावं, लोकांचा विश्वास बसला की पुढची पायरी. दुसऱ्या गटाला वाटतं, हे अधिकार म्हणजे लंडनने तोंडावर फेकलेला तुकडा, तो चघळत बसलो तर मूळ भूक मरेल.

१९७९ च्या पराभवानंतर पक्षात '७९ ग्रुप' नावाचा डावा गट निघाला. १९८२ मध्ये त्यावर बंदी आली आणि काही जणांची हकालपट्टी झाली. त्यात अॅलेक्स सॅमंड नावाचा तरुण होता. तोच परत येऊन १९९० मध्ये पक्षाध्यक्ष झाला आणि २००७ मध्ये स्कॉटलंडचा फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारचा प्रमुख.

१९८९ मध्ये नव्या संसदेचा आराखडा करायला अनेक पक्षांची परिषद बसली, त्यातून एसएनपी बाहेर पडली, कारण तिथे स्वातंत्र्याचा पर्यायच चर्चेला नव्हता. १९९७ च्या सार्वमतात मात्र त्याच आराखड्यासाठी मजूर पक्षाच्या खांद्याला खांदा लावून प्रचार केला. सॅमंड मिळेल ते घेणाऱ्यांतले. त्यांना 'मवाळ' म्हणायचा मोह मराठी माणसाला होतो, पण ध्येयात ते तसूभरही मवाळ नव्हते.

९. १९९७ मध्ये सार्वमतात दोन प्रश्न का होते?

टोनी ब्लेअर यांना कराची भीती होती. हुजूर पक्षाने 'मजूर पक्षाचा स्कॉटिश कर' अशी राळ उडवायला सुरुवात केली होती. म्हणून जून १९९६ मध्ये ब्लेअर यांनी जाहीर केलं की सार्वमत होईल आणि कराचा प्रश्न वेगळा विचारला जाईल. स्कॉटिश मजूर पक्षात संताप. वर्षानुवर्षं झगडून ठरलेल्या आराखड्याला लंडनने परस्पर नवी अट घातली होती. जॉन मॅकअॅलियन यांनी प्रवक्तेपद सोडलं. त्यात १९९७ च्या प्रचारात ब्लेअर यांनी या करअधिकाराची तुलना इंग्लंडमधल्या ग्रामपंचायतीच्या अधिकाराशी केली. जखमेवर मीठ.

निकालाने मात्र दोन प्रश्नांची युक्ती खरी ठरवली: संसदेला ७४.३ टक्के, कराला ६३.५ टक्के. कराच्या बाजूने एवढा कौल मिळाल्यावर पुढे कुणी तोंड उघडायची सोयच राहिली नाही. या एका बाबतीत मी ब्लेअर यांच्या बाजूचा.

१०. लिबरल डेमोक्रॅट कुठे बसतात?

संघराज्याच्या बाजूने, जुन्या लिबरल पक्षाच्या काळापासून. यातले सगळ्यांत कमी भांडणारे हेच.

११. 'शाखा कार्यालय' हा शब्द बातम्यांत सारखा येतो. प्रकरण काय?

सप्टेंबर २०१४ मध्ये स्वातंत्र्याचं सार्वमत झालं. ५५.३ टक्के 'नाही'. त्याआधी स्वातंत्र्याच्या विरोधातल्या प्रत्येक पक्षाने 'राहिलात तर आणखी अधिकार देऊ' असे आराखडे मांडले होते. स्कॉटिश मजूर पक्षाच्या नेत्या जोहान लॅमंट यांच्या समितीचा सुरुवातीचा कल पूर्ण प्राप्तिकर एडिंबराला द्यावा असा होता. लंडनला बसणारे स्कॉटिश मजूर खासदार बिथरले: प्राप्तिकर गेला तर अर्थसंकल्पावर आमच्या मताला काय किंमत? (प्रश्न ३ आणि ५ एकत्र वाचा, म्हणजे ही भीती नीट कळेल.) शेवटी समितीने हात आखडता घेतला आणि पाउंडामागे २०१२ च्या कायद्यातल्या १० पेनीऐवजी १५ पेनी प्राप्तिकर एडिंबराने ठरवावा, एवढंच सुचवलं. परिणाम असा की स्कॉटिश संसद जन्माला घालणारा पक्ष तिच्या विरोधकांपेक्षाही, म्हणजे हुजूर पक्षापेक्षाही, कमी द्यायला निघालेला दिसला.

सार्वमतानंतर महिना-सव्वा महिन्यात लॅमंट यांनी राजीनामा दिला. लंडन आम्हाला शाखा कार्यालयासारखं वागवतं, हे जाता जाता बोलून गेल्या. विरोधकांना वर्षानुवर्षं पुरेल असा दारूगोळा मिळाला. २०१५ मध्ये मजूर पक्ष स्कॉटलंडमध्ये ४१ जागांवरून एका जागेवर आला आणि एसएनपीने ५९ पैकी ५६ जिंकल्या.

१२. पक्ष एक, विधेयक एक, तरी वेल्समध्ये एक भूमिका आणि स्कॉटलंडमध्ये दुसरी, हे कसं?

२०१८ चं ब्रेक्झिट विधेयक. शेती, मासेमारी, पर्यावरण यांचे ब्रसेल्सहून परत येणारे अधिकार आधी लंडनच्या ताब्यात राहणार की थेट कार्डिफ-एडिंबराला जाणार, हा वाद. कार्डिफच्या, म्हणजे वेल्सच्या, मजूर सरकारने लंडनशी तडजोड करून संमती दिली. होलीरूडमध्ये मजूर आमदारांनी एसएनपीबरोबर जाऊन संमती नाकारली, ९३ विरुद्ध ३० मतांनी.

कारण परिस्थितीत आहे. कार्डिफमध्ये मजूर पक्ष सत्तेत होता, त्याला कारभार चालवायचा होता. एडिंबरात तो हुजूर पक्षाच्याही मागे तिसऱ्या क्रमांकावर होता, आणि २०१४ मध्ये स्वातंत्र्याविरुद्धच्या प्रचारात हुजूर पक्षाबरोबर एका व्यासपीठावर दिसल्याचे चटके ताजे होते.

वेल्समधली फूटही जुनीच. १९७९ मध्ये तिथे नील किनक यांच्यासारख्या मजूर खासदारांनी स्वतःच्या सरकारविरुद्ध प्रचार केला आणि 'हो'ला जेमतेम २०.३ टक्के मिळाले. १९९७ मध्ये कौल पालटला, पण अवघ्या ६,७२१ मतांनी.

१३. स्कॉटिश संसदेने मंजूर केलेलं विधेयक लंडन अडवू शकतं का? तेव्हा पक्ष काय करतात?

शकतं. १९९८ च्या कायद्याचं कलम ३५. ते पहिल्यांदा वापरलं गेलं जानेवारी २०२३ मध्ये, लिंगबदलाच्या कायदेशीर नोंदणीचं विधेयक अडवण्यासाठी. होलीरूडने ते डिसेंबर २०२२ मध्ये ८६ विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केलं होतं. बहुतेक मजूर आमदार बाजूने, तर एसएनपीच्याच नऊ जणांनी विरोधात मत दिलं. लंडनमध्ये किअर स्टार्मर यांनी विधेयकाबद्दल शंका बोलून दाखवल्या आणि अडवणुकीवर मतदानाची वेळ आली तेव्हा बहुतेक मजूर खासदार तटस्थ राहिले. स्वतःच्याच आमदारांनी मंजूर केलेल्या विधेयकाला 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही.

१४. मग लंडन होलीरूड बरखास्तही करू शकेल?

२०१६ च्या कायद्यात लिहिलंय की स्कॉटिश संसद कायमची आहे आणि सार्वमताशिवाय रद्द होणार नाही. तिच्या विषयांत वेस्टमिन्स्टर 'सामान्यतः' संमतीशिवाय कायदा करणार नाही, हेही लिहिलंय. त्या 'सामान्यतः'मध्ये सगळी मेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की हा राजकीय संकेत आहे, न्यायालय त्याची अंमलबजावणी करणार नाही. प्रश्न १२ मधली नाकारलेली संमती आठवा: ब्रेक्झिट विधेयक तरीही कायदा झालंच.

१५. जादा अधिकार दिल्याने स्वातंत्र्याची मागणी थंड झाली की वाढली?

मजूर पक्षातच याची दोन भाकितं होती. स्कॉटलंडचे प्रवक्ते जॉर्ज रॉबर्टसन १९९५ मध्ये म्हणाले होते, संसद दिली की राष्ट्रवाद ठार मरेल. डिएल म्हणत, हा वळण नसलेला महामार्ग आहे, एकदा चढलात की थेट स्वातंत्र्याला जाऊन पोचाल.

२०११ मध्ये एसएनपीने १२९ पैकी ६९ जागा जिंकल्या, तेव्हा डिएल खरे वाटले. २०१४ मध्ये स्कॉटलंडने 'नाही' म्हटलं आणि २०२४ मध्ये एसएनपी वेस्टमिन्स्टरमध्ये नऊ जागांवर आली, तेव्हा तेही पुरते खरे नाहीत हे दिसलं. रॉबर्टसन यांच्या भाकिताची परीक्षा मात्र फारच लवकर झाली. १९९९ मध्ये, होलीरूड उघडलं त्याच वर्षी, ते नाटोचे सरचिटणीस म्हणून ब्रसेल्सला गेले. त्यांच्या रिकाम्या जागेवर सप्टेंबरात पोटनिवडणूक झाली आणि मजूर पक्षाने ती एसएनपीपासून ५५६ मतांनी कशीबशी वाचवली. जागा होती हॅमिल्टन साउथ.